कल्पना हे प्रमाण आहे काय? विचारप्रयोगांविषयी चर्चा

आडवाट (धागाकर्ता)

तत्त्वज्ञानात कल्पनेचा उपयोग कसा होतो, हा विषय निघाला की बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेतली उदाहरणेच पुढे येतात, म्हणून मी मुद्दाम एका जुन्या बौद्ध गोष्टीपासून सुरुवात करतो. ती ‘महाप्रज्ञापारमिताशास्त्र’ या ग्रंथात आहे. हा ग्रंथ नागार्जुनाच्या नावावर सांगितला जातो, पण आज तो कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी केलेल्या चिनी भाषांतराच्या रूपातच आपल्या हाती आहे.

कामानिमित्त दूर निघालेला एक माणूस रात्री ओसाड घरात एकटाच मुक्काम करतो. मध्यरात्री एक पिशाच खांद्यावरून प्रेत आणून त्याच्यासमोर टाकते. पाठोपाठ दुसरे पिशाच येते आणि प्रेत माझे म्हणून भांडू लागते. ओढाताण होते आणि अखेर दोघेही त्या माणसाला साक्षीला धरतात. खरे बोललो तरी मरण आणि खोटे बोललो तरी मरण, मग खोटे तरी कशाला बोला, असा विचार करून तो सांगतो की प्रेत पहिल्याने आणले. दुसरे पिशाच चिडून त्याचा हात उपटते, तर पहिले प्रेताचा हात काढून त्या जागी बसवते. मग दुसरा हात, पाय, डोके, बरगड्या, असे करत त्याचे सगळे शरीर निघते आणि प्रेताच्या अवयवांनी भरून येते. त्याचे मूळ शरीर दोघे मिळून खातात, तोंडे पुसतात आणि निघून जातात. माणूस तिथेच विचार करत राहतो की आईबापांनी दिलेला देह तर माझ्या डोळ्यांदेखत खाल्ला गेला आणि आता आहे तो सगळा परक्याचा, मग मला देह आहे की नाही? (कोणाच्या डोळ्यांदेखत, हे गोष्ट विचारत नाही, पण वाचकाला तो प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.) पुढे तो भिक्षूंना गाठून हेच विचारतो, तेव्हा ते म्हणतात की तुझ्या देहात ‘मी’ असा कोणी आजच नाहीसा झालेला नाही, तो पहिल्यापासूनच नव्हता.

आता हीच गोष्ट वेताळाच्या एका गोष्टीशेजारी ठेवून पाहावी. एका बाईचा नवरा आणि भाऊ या दोघांची तुटलेली डोकी घाईगडबडीत एकमेकांच्या धडांना लावली जातात आणि तिचा नवरा कोणता, असे वेताळ विक्रमाला विचारतो. विक्रमाचे उत्तर ठरलेले आहे: डोके ज्याचे तो, कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. त्या गोष्टीची रचनाच अशी आहे की डोके जसेच्या तसे राहते आणि उत्तराला टेकायला जागा मिळते. पिशाचांच्या गोष्टीत ती जागाही काढून घेतली आहे. शिवाय बदल एकदम न करता एकेका अवयवाने केल्यामुळे ‘इथे पहिला माणूस संपला’ असे बोट ठेवायला एकही क्षण उरत नाही. दोन्ही गोष्टी अद्भुतच आहेत. तरीही पिशाचांच्या गोष्टीतली कल्पना मोजूनमापून केलेली आहे: काय बदलायचे, काय तसेच ठेवायचे आणि कोणत्या क्रमाने बदलायचे, हे सगळे एकाच प्रश्नासाठी ठरवलेले आहे. माझ्या मते तत्त्वज्ञानातली कल्पना आणि नुसते कल्पनारंजन यांतला फरक इथे आहे.

तर प्रश्न असा की अशा कल्पनेतून आपल्याला ज्ञान मिळते काय, म्हणजे ती प्रमाण (ज्ञानाचे साधन) ठरते काय? माझे मत ‘नाही’ असे आहे, आणि त्याला आधार न्यायशास्त्राचा, म्हणजे ज्ञान आणि अनुमान यांचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनाचा आहे. त्याच्या पुढच्या काळातल्या शाखेत, नव्यन्यायात, ‘आहार्य’ ज्ञान नावाची एक संकल्पना आहे. एखादी गोष्ट तशी नाही हे पक्के ठाऊक असतानाही आपल्या इच्छेने ती तशी आहे असे धरणे, म्हणजे आहार्य ज्ञान. भ्रमात पडलेल्या माणसाला दोरी साप वाटते, तेव्हा ती दोरी आहे हे त्याला ठाऊक नसते. आहार्य ज्ञान करणाऱ्याला मात्र ती दोरी आहे हे ठाऊक असते, आणि तरीही ‘समजा हा साप असता’ असे म्हणून तो पुढे काय निघते ते पाहतो. नैयायिकांचा, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांचा, तर्क याच जातीचा आहे. समोरच्या डोंगरावर धूर दिसतो आहे पण अग्नी आहे की नाही याबद्दल शंका आहे, अशा वेळी ‘अग्नी नसता तर धूरही नसता’ असे म्हणणे म्हणजे तर्क.

सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त या तर्काला कुठे बसवले आहे ते पाहण्यासारखे आहे. अयथार्थ (वस्तुस्थितीला धरून नसलेला) अनुभव तीन प्रकारचा सांगून त्याने संशय, विपर्यय (भ्रम) आणि तर्क अशी तीन नावे दिली आहेत. म्हणजे तर्क हा अयथार्थच. स्वतःच्याच ‘दीपिका’ टीकेत तो असेही म्हणतो की तर्क खरे तर विपर्ययातच मोडतो, पण तो प्रमाणाला साहाय्य करतो म्हणून त्याचा वेगळा उल्लेख केला. जाणूनबुजून केलेली चूक, जी स्वतः काही सिद्ध करत नाही परंतु सिद्ध करणाऱ्याच्या वाटेतली शंका दूर करते, एवढेच स्थान त्याने तर्काला दिले. विचारप्रयोगांनाही, म्हणजे ‘समजा असे झाले’ असे धरून मनातच केलेल्या प्रयोगांनाही, हेच स्थान द्यावे, जास्त देऊ नये आणि कमीही देऊ नये, असे माझे म्हणणे आहे. मतभेद असतील तर ते सोदाहरण मांडावेत ही विनंती.

खडीसाखर

धाग्याची मांडणी आवडली, परंतु निष्कर्ष पटला नाही. मी पदार्थविज्ञान शिकवते, आणि आमच्या विषयात कल्पनेने थेट ज्ञान दिल्याचे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते, किंवा निदान असायला हवे.

गॅलिलिओच्या 1638 सालच्या संवादात्मक ग्रंथात साल्व्हियाती हे पात्र सिंप्लिचिओला असे विचारते: जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते असे तुम्ही म्हणता ना? मग एक मोठा आणि एक लहान असे दोन दगड एकमेकांना बांधून खाली सोडा. लहान दगड हळू पडणारा असल्यामुळे तो मोठ्याला मागे ओढणार, म्हणून ही जोडी एकट्या मोठ्या दगडापेक्षा हळू पडायला हवी. पण दोन्ही मिळून वजन मोठ्या दगडापेक्षा जास्त आहे, म्हणून जोडी त्याच्यापेक्षा वेगानेही पडायला हवी. एकच जोडी एकाच वेळी हळूही आणि वेगानेही पडू शकत नाही. सुटण्याची वाट एकच, ती म्हणजे पडण्याचा वेग वजनावर अवलंबून नसतो असे मानणे.

यात कोणी मनोऱ्यावर चढले नाही, कोणी घड्याळ लावले नाही, आणि तरी शेकडो वर्षे पक्की मानलेली एक समजूत पडली आणि तिच्या जागी खरी समजूत आली. हे ‘प्रमाणाला साहाय्य’ नसून स्वतंत्र ज्ञानच आहे. जेम्स रॉबर्ट ब्राऊन या तत्त्वज्ञाने तर अशा उदाहरणांच्या बळावर असे प्रतिपादन केले आहे की निसर्गनियम बुद्धीला थेट दिसू शकतात. मी तितक्या दूर जात नाही, पण अन्नंभट्टाच्या चौकटीत गॅलिलिओ मावत नाही असे मला वाटते.

आडवाट (धागाकर्ता)

खडीसाखर, उदाहरण उत्तम निवडलेत, आणि मला वाटते ते माझ्याच बाजूने बोलते.

तुम्ही सांगितलेल्या युक्तिवादाचे दोन टप्पे वेगळे करून पाहू. पहिल्या टप्प्यात प्रतिपक्षाचे म्हणणे क्षणभर खरे धरले आणि त्यातून विसंगती निघते हे दाखवले. हा शुद्ध तर्क आहे. ‘अग्नी नसता तर धूर नसता’ याचाच हा भाऊ. त्याने ‘वेग केवळ वजनाने ठरतो आणि वजनाबरोबर वाढतो’ हे मत पडले, यात वाद नाही. दुसरा टप्पा असा की म्हणून सर्व वस्तू सारख्याच वेगाने पडतात. हा मात्र पहिल्यातून आपोआप निघत नाही. पडण्याचा वेग वस्तू कशाची बनली आहे यावर अवलंबून असता, म्हणजे शिसे एका वेगाने आणि लाकूड दुसऱ्या वेगाने पडत असते, तर गॅलिलिओची बांधलेली जोडी त्याला आडवी आली नसती. तसे नाही, हे आपल्याला प्रयोगांनी सांगितले. ओटव्होश या शास्त्रज्ञाच्या अतिशय सूक्ष्म तराजूने ते सांगितले, 1971 मध्ये अपोलो-15 मोहिमेत डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर सोडलेल्या हातोडी आणि पिसाने ते सगळ्यांना दाखवले, आणि ‘मायक्रोस्कोप’ या फ्रेंच उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंची तुलना करून ते जवळपास 10 च्या उणे 15 व्या घातापर्यंत तपासले. बुद्धीला निसर्गनियम थेट दिसत असता, तर एवढा खटाटोप कशासाठी केला असता?

जॉन नॉर्टन या तत्त्वज्ञांचे मत मला अधिक जवळचे वाटते. त्यांच्या मते प्रत्येक विचारप्रयोग हा चित्राचे कपडे घातलेला युक्तिवाद असतो आणि कपडे काढले तरी युक्तिवाद तितकाच चालतो.

कोरा कागद

मी या संकेतस्थळावर बहुधा वाचतोच, लिहीत नाही. पण ‘चित्राचे कपडे’ हे शब्द वाचले आणि लिहावेसे वाटले, कारण माझ्या मनात चित्रे उमटत नाहीत. डोळे मिटून आईचा चेहरा आठवायला सांगितला, तर चेहऱ्याविषयीची माहिती आठवते, चेहरा दिसत नाही. ॲडम झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये या अवस्थेला ‘अफँटेझिया’ असे नाव दिले, आणि आपल्यात काही कमी आहे असे नसून माणसे मुळातच वेगवेगळी असतात, हे मला त्यानंतर कळले. फ्रान्सिस गाल्टन याने 1880 मध्येच न्याहारीचे टेबल आठवायला सांगून लोकांच्या मनातल्या चित्रांची चौकशी केली होती आणि तेव्हाही काहींनी काहीच दिसत नसल्याचे कळवले होते.

असे असूनही मला पिशाचांची गोष्ट कळली, गॅलिलिओचे दगडही कळले, आणि दोन्ही वेळा व्हायचा तो गोंधळ माझाही झाला. यावरून मला असे वाटते की आपण ज्याला कल्पना म्हणतो त्यात दोन कामे मिसळलेली आहेत: एक मनात चित्र पाहणे आणि दुसरे ‘समजा असे असते’ असे धरून चालणे. विचारप्रयोगाला दुसरे पुरते. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1641 च्या ‘चिंतने’ या ग्रंथातल्या सहाव्या चिंतनात हाच भेद भूमितीतून दाखवला आहे. त्रिकोण आपल्याला समजतो आणि मनात दिसतोही, हजार बाजूंची आकृती तितकीच नीट समजते पण दिसत नाही, आणि मनात काही अंधुक उमटलेच तर ते दहा हजार बाजूंच्या आकृतीपेक्षा वेगळे ओळखता येत नाही. मला तर त्रिकोणही दिसत नाही, म्हणून या बाबतीत मी देकार्तच्या पुढे एक पाऊल आहे.

एक शंका मात्र आहे. नुसते धरून चालणे पुरते असेल, तर लेखकांनी प्रेत, मध्यरात्र, तोंड पुसणे हा तपशील का दिला? ‘क्ष चे सर्व भाग एकेक करून बदलले’ एवढे म्हटले असते तरी चालले असते ना?

आडवाट (धागाकर्ता)

कोरा कागद, ‘क्ष’ च्या बाबतीत आपण शांतपणे म्हणतो की सगळे भाग बदलले म्हणजे वस्तू बदलली, किंवा नाही बदलली. दोन्ही उत्तरे सारखीच स्वस्त असतात. ‘मी’ म्हटले की उत्तर तितके स्वस्त राहत नाही. उद्या सकाळी उठणारा तो माणूस मीच आहे, ही माझी खात्री किती घट्ट बसलेली आहे आणि तिला आधार किती थोडा आहे, हे मध्यरात्रीच्या त्या तपशिलामुळे उघडे पडते. गोष्ट बौद्ध भिक्षूंसाठी लिहिलेली आहे आणि ती खात्री सैल करणे हाच तिचा हेतू आहे. सिद्धान्ताला तपशील नकोच असतो, पण ज्याच्यावर सिद्धान्त चालवायचा त्या वाचकाला तो लागतो.

दिवेलागण

माझा आक्षेप खडीसाखर यांच्या नेमका उलट आहे. धागाकर्ते कल्पनेला साहाय्यकाचे पद देतात, तेही मला जास्त वाटते, निदान ‘मी कोण’ या प्रश्नाच्या बाबतीत.

कॅथलीन विल्क्स यांनी 1988 साली व्यक्तित्वाच्या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले आणि त्यात विचारप्रयोग पूर्णपणे वर्ज्य ठरवले. त्यांचा मुद्दा असा की भौतिकशास्त्रातल्या विचारप्रयोगात एक गोष्ट बदलली तरी बाकीचे जग कसे चालते हे ठाऊक असते. माणसांच्या बाबतीत ते ठाऊक नसते. माणसे अमीबासारखी दुभंगून दोन होतात असे समजा, म्हणून तत्त्वज्ञ मोकळे होतात, पण अशा जगात लग्न कशाला म्हणतील, वारसाहक्क कोणाचा असेल, कर्ज कोणी फेडायचे, वचन देणे म्हणजे काय, याचा पत्ताच नसतो. एवढे सगळे बदलल्यावर ‘मी’ हा शब्द पूर्वीच्याच अर्थाने उरतो, असे कशावरून मानायचे? पिशाचांच्या गोष्टीलाही हे लागू आहे, कारण डोके बदलल्यावरही त्याच्या आठवणी टिकतात हे गोष्टीने न सांगताच गृहीत धरले आहे आणि सगळा चमत्कार त्या गृहीतातच दडलेला आहे.

कल्पित प्रश्नाला प्रत्यक्षाची जोड मिळाली की काय होते, त्याचे एक उदाहरण देतो. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू याने 1688 मध्ये जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाला पत्राने विचारले की जन्मांध माणसाने घन आणि गोल केवळ स्पर्शाने ओळखायला शिकले असेल, आणि त्याला मोठेपणी दृष्टी आली, तर हात न लावता नुसते बघून तो घन कोणता आणि गोल कोणता हे सांगू शकेल काय? मॉलिन्यूचे स्वतःचे उत्तर ‘नाही’ असे होते. लॉकने मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथाच्या 1694 च्या दुसऱ्या आवृत्तीत हा प्रश्न घेतला आणि तेच उत्तर मान्य केले. लायब्निझ हा जर्मन तत्त्वज्ञ म्हणाला की समोर त्याच दोन वस्तू आहेत एवढे त्याला आधी सांगितले, तर तो विचार करून ओळखू शकेल, कारण गोलावर कोणताही बिंदू वेगळा उठून दिसत नाही आणि घनाला कोपरे असतात. लॉक आणि लायब्निझ दोघेही बुद्धिमान, दोघांनीही डोळे मिटून विचार केला, आणि दोघांची उत्तरे निराळी आली.

1728 मध्ये चेसल्डन या इंग्रज शल्यवैद्याने मोतीबिंदू काढलेल्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली, पण तिचा अर्थ जो तो आपापल्या सोयीने लावत राहिला. खरी तपासणी आपल्याकडे झाली. दिल्लीत शस्त्रक्रियेनंतर दृष्टी आलेल्या पाच मुलांवर ‘प्रोजेक्ट प्रकाश’च्या संशोधकांनी केलेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्शाने ओळखलेली वस्तू नुसत्या नजरेने ओळखण्यात ही मुले सुरुवातीला जवळजवळ अंदाजानेच उत्तरे देत होती. मात्र थोड्याच दिवसांत, वेगळे शिकवणे न करता, ती चांगलीच सुधारली. म्हणजे उत्तर ‘लगेच नाही, पण लवकरच’ असे निघाले, आणि हे तिसरे उत्तर लॉकच्याही ध्यानात आले नव्हते आणि लायब्निझच्याही नव्हते. तीनशे वर्षे जो प्रश्न कल्पनेवर सोडला होता त्याचे उत्तर कल्पनेला सुचलेच नाही, ही गोष्ट तुमच्या साहाय्यकाच्या पगारपत्रकात लिहून ठेवावी.

आडवाट (धागाकर्ता)

दिवेलागण, पगारपत्रकात त्याबरोबर आणखी एक नोंद करावी लागेल. मॉलिन्यूने ‘समजा’ असे म्हटले नसते, तर दिल्लीत त्या मुलांसमोर नेमके काय ठेवायचे हे कोणाला सुचले नसते. स्पर्शाकडून नजरेकडे असा तो प्रयोगच मुळी 1688 च्या पत्रातून आला आहे.

विल्क्स यांच्या आक्षेपातला मुख्य भाग मात्र मला मान्य आहे, आणि तो माझ्या चौकटीत बसतो असेही वाटते. ‘अग्नी नसता तर धूर नसता’ हा तर्क चालतो, कारण धूर आणि अग्नी यांचा संबंध आपण स्वयंपाकघरात वारंवार पाहिलेला असतो. जिथे असा व्याप्तीचा, म्हणजे दोन गोष्टींच्या ठरलेल्या साहचर्याचा, आधारच नाही तिथे ‘असे असते तर तसे झाले असते’ म्हणायला कोणाचाच अधिकार पोहोचत नाही. दुभंगणाऱ्या माणसांच्या जगात कर्ज कोणी फेडायचे, हे मला ठाऊक नाही, म्हणून त्या जगाविषयीच्या माझ्या मताला किंमत नाही. पिशाचांच्या गोष्टीचा निष्कर्ष मात्र त्या जगाविषयीचा नाही. ‘माझा देह म्हणजेच मी’ असे आज आणि इथे मानणाऱ्याला तेवढ्यावर भागते काय, एवढेच ती तपासते. आठवणी टिकतात हे तिने गृहीत धरले, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. पण ते गृहीत वाचक न कुरकुरता स्वीकारतो, यावरूनच आपण ‘मी’ कशाला मानतो ते कळते.

हळद-कुंकू

एवढ्या गंभीर चर्चेत ट्रामची गोष्ट अजून कोणी काढली नाही याचे आश्चर्य वाटते, म्हणून मीच काढते. एका रुळावर पाच माणसे, दुसऱ्यावर एक, खटका ओढायचा की नाही, ही कोडी समाजमाध्यमांवर इतकी फिरतात की तत्त्वज्ञान म्हणजे माणसे मारण्याचे गणित अशी लोकांची समजूत होत चालली आहे.

फिलिपा फूट यांच्या 1967 च्या लेखात हे उदाहरण पहिल्यांदा आले तेव्हा त्याचा हेतू अगदी मर्यादित होता. जे आपण करू इच्छितो आणि जे केवळ होईल हे आपल्याला दिसते, या दोहोंतल्या फरकावर कॅथलिक नीतिशास्त्राचा एक सिद्धान्त उभा आहे, आणि गर्भपाताच्या वादात तो पुढे केला जात होता. ट्रामचालकाने एका माणसाच्या रुळावर ट्राम वळवावी असे बहुतेकांना वाटते, पण दंगलखोर जमावाला शांत करण्यासाठी न्यायाधीशाने एका निरपराध्याला फाशी द्यावी असे वाटत नाही. दोन्हीकडे एकाच्या बदल्यात पाच वाचतात, तरी आपले मन वेगवेगळे का बोलते, हा फूट यांचा प्रश्न होता. पुढे 1976 मध्ये ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी पुलावरून ढकलून द्यायच्या जाड्या माणसाचे उदाहरण त्याशेजारी ठेवले. म्हणजे ट्राम एकटी कधीच नव्हती, तिची जोडी होती, आणि काम जोडीतल्या फरकाने होत होते. लोकांनी जोडी तोडली, एक तुकडा उचलला आणि त्याची कौलचाचणी केली.

मी अनेक वर्षे रुग्णालयात काम केले आहे. प्रत्यक्ष वॉर्डात दोन रूळ असे स्वच्छ कधी नसतात. कोण वाचेल हेच माहीत नसते, आणि बराच वेळ ते शोधण्यातच जातो. म्हणून ट्रामवरून कोणी मला काय करायचे ते शिकवू लागले तर ऐकत नाही. पण माझ्या दोन निर्णयांत मी वेगळी का वागले, हे नंतर बसून तपासताना अशा जोड्या मला उपयोगी पडल्या आहेत.

आडवाट (धागाकर्ता)

जोडीचा मुद्दा मी माझ्या लेखात मांडायला हवा होता, इतका तो महत्त्वाचा आहे. वेताळ आणि पिशाचे शेजारी ठेवली तेव्हा नकळत तेच झाले.

पानगळ

नैयायिकांचा आधार घेऊन चर्चा चालली आहे, तर त्यांना घाम फोडणाऱ्याची आठवण करून द्यायला हवी. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्या’त ज्ञानाच्या व्याख्या एकामागून एक मोडल्या, आणि त्यासाठी त्याने वापरलेली उदाहरणे साधी होती. एकाने मुठीत कवड्या लपवल्या आणि किती ते विचारले. दुसरा अंदाजाने पाच म्हणाला आणि मुठीत पाचच निघाल्या. उत्तर खरे आहे, पण त्याला ज्ञान होते असे म्हणाल काय? त्याच्याही आधी, आठव्या शतकात, धर्मोत्तर या बौद्ध पंडिताने तहानलेल्या माणसाचे उदाहरण दिले होते. त्याला दूर मृगजळ दिसते, पाणी आहे असे समजून तो तिथे जातो, आणि योगायोगाने तिथे खडकाखाली खरेच पाणी असते. 1963 मध्ये एडमंड गेटियर यांनी तीन पानांच्या निबंधात याच धाटणीची उदाहरणे देऊन पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेला धक्का दिला, ही गोष्ट सगळे सांगतात. धर्मोत्तराची फार थोडे सांगतात.

हे मी अभिमानापोटी सांगत नाही. 2001 मध्ये वाईनबर्ग, निकोल्स आणि स्टिच यांनी लोकांना अशी उदाहरणे देऊन कौल घेतला आणि असे मांडले की पाश्चात्त्य लोक ‘हे ज्ञान नव्हे’ म्हणतात, तर भारतीय उपखंडातल्या बहुसंख्य लोकांना ते ज्ञानच वाटते. म्हणजे विचारप्रयोगाने आपली संस्कृती कळते, ज्ञानाचे स्वरूप कळत नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे भारत, जपान, ब्राझील आणि अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर चाचण्या झाल्या तेव्हा तो फरक टिकला नाही. मला गंमत वाटते ती याची की मृगजळ आणि कवड्यांची उदाहरणे लिहिणारे दोघेही उपखंडातलेच होते, आणि ‘हे ज्ञान नव्हे’ असे वाचकाला वाटणार हे त्यांनी शतकानुशतके आधी गृहीत धरले होते. कौल घेणाऱ्यांनी त्यांची मते मोजली नाहीत.

धागाकर्त्यांना मात्र श्रीहर्ष सोडणार नाही. शंका व्याघातापर्यंतच (म्हणजे स्वतःच्याच वागण्याशी विरोध येईपर्यंतच) चालते आणि तर्क तिची सीमा आहे, असे उदयन या नैयायिकाने एका श्लोकात म्हटले आहे. नव्यन्यायातल्या गंगेशाने त्याचा अर्थ सोपा करून दिला: धुराला अग्नी लागतो याविषयी ज्याला खरेच शंका असेल, तो धूर हवा असताना अग्नी आणायला धावणार नाही, पोट भरावे म्हणून जेवणार नाही, दुसऱ्याला समजावे म्हणून बोलणार नाही, वागणे शंकेला खोटे पाडते. श्रीहर्षाने उदयनाचा तोच श्लोक दोनचार शब्द फिरवून परत फेकला आणि विचारले की व्याघात आहे असे म्हणता तेव्हाच शंका आहे हेही कबूल करता, मग तर्क शंकेची सीमा कसा? तर्क शंका दूर करतो असे धागाकर्ते म्हणतात, पण त्या तर्काविषयीची शंका कोण दूर करणार?

आडवाट (धागाकर्ता)

पानगळ, श्रीहर्षाला पुरते उत्तर देण्याची माझी कुवत नाही, पण गंगेशाच्या बाजूने एक गोष्ट म्हणता येईल. तर्काने सगळ्या शंका कायमच्या मिटाव्यात अशी त्याची अपेक्षाच नाही. ज्या शंकेने माझे हात थांबले आहेत ती शंका सुटली की तर्काचे काम झाले. कवड्यांचे उदाहरण मांडताना खुद्द श्रीहर्षालाही वाचकाने ‘समजा’ म्हणावे आणि हे ज्ञान नव्हे असे मान्य करावे, अशी अपेक्षा होती. इतका विश्वास कल्पनेवर ठेवूनच त्याचे खंडन चालते.

आता ज्या उदाहरणामुळे मला हा विषय मुळात लिहावासा वाटला, त्याकडे येतो. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञांनी 1996 मध्ये असा युक्तिवाद मांडला की शरीराने आणि वागण्याने हुबेहूब आपल्यासारखा, पण आत कसलीच जाणीव नसलेला प्राणी आपल्याला कल्पिता येतो. कल्पिता येतो म्हणून तो शक्य आहे. आणि शक्य आहे म्हणून जाणीव ही शरीरापेक्षा वेगळी गोष्ट आहे. आपल्या परंपरेत न होणाऱ्या गोष्टींची दोन उदाहरणे नेहमी दिली जातात. एक वंध्यापुत्र, ज्याच्या शब्दांतच विरोध आहे. दुसरे सशाचे शिंग, ज्यात विरोध काहीच नाही, फक्त ते नसते. चाल्मर्स यांचा प्राणी यांपैकी कोणता, हे नुसती कल्पना करून कळत नाही. रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसाला हायड्रोजन नसलेले पाणी अगदी सहज कल्पिता येते. त्याच्या कल्पनेत कुठेही अडचण येत नाही, कारण अडचण जिथे येते तिथपर्यंत त्याचे ज्ञान पोहोचलेलेच नसते. मेंदूच्या बाबतीत आपण आज त्याच माणसाच्या जागी असू शकतो. व्याप्ती हाती नसताना केलेला हा तर्क आहे, म्हणून त्याचा निष्कर्ष मी स्वीकारत नाही.

खडीसाखर

पाण्याचे उदाहरण इथे चालणार नाही. ‘पाणी’ आणि ‘पाण्यासारखे दिसणारे काहीतरी’ यांत फरक करता येतो, म्हणून आपण म्हणू शकतो की त्या अडाणी माणसाने पाण्याची कल्पना केलीच नाही, त्याने पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रवाची कल्पना केली. वेदनेच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे. वेदना आणि वेदनेसारखे वाटणे यांत फरक नाही; वेदनेसारखे वाटले की ती वेदनाच. सॉल क्रिप्के या तत्त्वज्ञांनी हा आक्षेप 1970 च्या व्याख्यानांत घेतला होता आणि त्याला पटेल असे उत्तर मी अजून वाचलेले नाही. तुमच्या चौकटीत ते कुठे बसते ते सांगा, नाहीतर निदान या एका बाबतीत कल्पनेला साहाय्यकापेक्षा वरचे पद देणे तुम्हाला भाग आहे.